नंबर नसलेली डिस्क

तुम्ही त्यांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून बघायचे. पेपरवेट, स्टेपलर, कुणी मोहनखेड्याहून आणलेली प्रसादाची डबी, सगळं एकदा पालथं व्हायचं. मग चष्म्यावरून तुमच्याकडे बघत प्रश्न यायचा, "नंबर कुठाय, भिया?" भिया म्हणजे आमच्या माळव्यातला भैया.

देवासच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरचे प्रमुख होते. खुर्च्या, पंखे, घड्याळं, जिन्याखालची शिडी, सगळ्यांवर त्यांनी पांढऱ्या रंगात नंबर घातले होते. त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरही नंबर होता, आणि तिन्ही कप्प्यांवर वेगवेगळा.

घराणं धारचं. आजोबा दरबारात जामदारखान्यावर होते, म्हणजे तिथल्या चीजवस्तू सांभाळायला. "कुलूप लावून तीनदा ओढून बघायचे," हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. संशयी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील, पण यांचा संशय पिढीजात होता आणि तो सर्वांना सारखा वाटलेला होता. मी लग्नाची पत्रिका दिली तेव्हा अभिनंदन करायच्या आधी त्यांनी विचारलं, "मुहूर्त दोन जागी विचारून घेतलात ना?"

मी कॉम्प्युटर विभागात होतो. एका वर्षी एका सेक्शनमधल्या दोन मशिनांतून मेमरीच्या पट्ट्या नाहीशा झाल्या. पेटीच्या आतल्या वस्तूवर पांढरा नंबर कसा घालणार? त्यांना जेवण गोड लागेना. गुडघ्यांमुळे टेबलाखाली वाकणंही त्यांना जमत नसे. शेवटी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भिया, असं काही कर की मशीन स्वतःच आपल्या पोटात काय काय आहे ते सांगेल."

मी तसा प्रोग्राम लिहिला. सीडी घालायची, एक बटण दाबायचं, की मेमरी, डिस्क, सगळ्यांची, बनवणाऱ्या कंपनीने घातलेल्या नंबरासकट, यादी पडद्यावर यायची. पहिली यादी बघून ते लहान मुलासारखे खूश झाले. त्यानंतर दर शनिवारी, लोक जेवायला गेले की, कुणालाही न सांगता ते सीडी घेऊन एकेका सेक्शनमध्ये फिरू लागले. सांगून गेलं तर माणूस तयारीत राहतो, असं त्यांचं म्हणणं.

ड्रॉइंग सेक्शनमध्ये वैशाली होती. कामाला चोख, बोलायला कमी, आणि कंत्राटावर. तिचं कंत्राट वर्षअखेरीला पुढे वाढायचं होतं. घरात कमावणारी तीच. तिच्या मशीनवर यादी अर्ध्यात आली की प्रोग्राम धाडकन बंद पडायचा.

एक शनिवार झाला, दोन झाले. मधल्या एका बुधवारी त्यांनी मुद्दाम जाऊन पाहिलं, तर यादी सुरळीत आली. पुढच्या शनिवारी पुन्हा बंद. ते माझ्या टेबलाशी आले, आवाज अगदी खाली आणून.

"पक्की गडबड आहे. शनिवारीच कसं बंद पडतं, सांग मला. शनिवारी ती काहीतरी काढते आणि सोमवारी परत लावते. तुझ्या प्रोग्राममध्ये तर खोट नाही ना?"

इथे मी जे बोललो ते मला आजही खुपतं. मी म्हणालो, "काका, चाळीस मशिनांवर चालतोय. प्रोग्राम बरोबर आहे."

खरं सांगायचं तर तपासून बघायचा मला कंटाळा आला होता, आणि माझ्या कामात चूक निघेल हे मला सहनही होत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे त्या दिवसापासून मीही वैशालीकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. ती पर्स एवढी मोठी का आणते? मला बघून खण का लावला? तिला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कॉरिडॉरमध्ये भेटली की पूर्वीसारखीच हसायची.

काकांनी मॅनेजरसाहेबांना पत्र दिलं. चोरीचा आरोप नव्हता, फक्त "शंका आहे" एवढंच लिहिलं होतं. कंत्राटावरच्या माणसाला तेवढं पुरतं.

पुढच्या शनिवारी सकाळी तिच्या सेक्शनमधला प्रिंटर अडला म्हणून मी गेलो. वायर बघायला टेबलाखाली वाकलो, तर मशीनच्या मागे जमिनीवर एक छोटी काळी पेटी होती, तिचा निळा दिवा लुकलुकत होता.

"हे काय गं?"

"बाहेरची हार्ड डिस्क. हेड ऑफिसचे साहेब पिशवीतून घेऊन आले होते, हातातच दिली, स्टोअरमधून नाही आली. दर शनिवारी ड्रॉइंग्जचा बॅकअप घेते ना मी तिच्यावर. का हो, काय झालं?"

मी पेटीची वायर काढून प्रोग्राम चालवला, यादी पूर्ण आली. वायर जोडली, बंद पडला. माझा प्रोग्राम प्रत्येक डिस्कला तिचा नंबर विचारायचा. ही बाहेरची पेटी नंबर सांगतच नव्हती, आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं हे मी लिहिलेलंच नव्हतं. तीन वर्षं काकांच्या सहवासात काढल्यावर नंबर नसलेली वस्तू जगात असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. नंबर आला नाही तर तिथे "नंबर नाही" लिहायचं आणि पुढे जायचं. नवी यादी छापून मी त्यांच्यापुढे ठेवली. वैशालीच्या मशीनमधल्या मेमरीच्या पट्ट्या जिथल्या तिथे होत्या. मला ते एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. उठले आणि गुडघे धरत मॅनेजरसाहेबांच्या केबिनचा जिना चढले.

पण तिच्या जागी दुसरा माणूस ठरला होता, त्याला पत्रही गेलं होतं. "अब रहने दीजिए," साहेब म्हणाले.

शेवटच्या दिवशी ती स्टोअरमध्ये सामान जमा करायला आली. कंत्राट का संपलं ते तोवर तिला कुणीतरी सांगितलं होतं. पट्टी, कॅल्क्युलेटर, खणाची किल्ली टेबलावर ठेवून ती म्हणाली, "काका, एकदा मला विचारलं असतंत तर मीच दाखवलं असतं ना."

मी तिथेच उभा होतो. ती माझ्याकडे बघून बोलली नाही, पण मलाही तेच लागू होतं. काकांनी कागदावर सही केली.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि धारला निघाले. मी त्यांना बसवून द्यायला स्टँडवर गेलो. वैशाली कुठे आहे, काय करते, मला काहीही माहीत नव्हतं. तिचं घर मला ठाऊक होतं, पण तिकडे जायची हिंमत कधी झाली नाही. बस निघायच्या बेतात त्यांनी खिडकीतून माझा हात धरला.

"ती पोरगी... लागली का रे कुठे?"

"लागली, काका. इंदूरला. चांगली नोकरी आहे."

कुठल्या कंपनीत, कुणी सांगितलं, नक्की ना, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. "बरं झालं," म्हणाले, आणि डोळे पुसून समोर बघू लागले.

दोन वर्षांनी धारहून ते गेल्याची बातमी आली. वैशालीला कुठे नोकरी लागली की नाही, ते मला अजूनही माहीत नाही.