बिबड्या आणि नकाशा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते धाब्यावर, आमच्या घराच्या सपाट मातीच्या छतावर. तिनं ओल्या लुगड्यावर ज्वारीच्या बिबड्या, पापडासारख्या, वाळायला थापल्या, मी कडांवर विटा ठेवल्या.

तेवढ्यात मुलगा नव्या घराचा नकाशा घेऊन वर आला. मुंबईत पाच वर्षं कागदावर रेघा, मग साहेबाच्या कचेरीत उमेदवारी, मग परीक्षा, तेव्हा कुठे त्याला नकाशावर सही करता येऊ लागली. गवंड्याचा पोर, पण इतक्या वर्षांत चुन्यात हात घालायला त्याला कुणी सांगितलं नाही. शिसारी आली मला त्या शिक्षणाची.

नकाशात उतरतं कौलारू छप्पर होतं.

"बठ्ठं चांगलं शे, पन बिबड्या कोठे घालू रे भाऊ?" तिनं विचारलं.

"बाजारातून आण, आई."

मी थुंकलो.

"शिकेल शे तो," ती मला म्हणाली. "सकाळी धाबं पाडाले मानसं येतीन, तुम्ही तोंड आवरा."

खाली उतरून ती पाणी प्यायली आणि माठाशीच कोसळली. दिवस मावळायच्या आत तिला मसणात पोचवून आलो.

सकाळी माणसं पहारी घेऊन आली. मी त्यांना माघारी धाडलं. मग वर चढलो, तिच्यासारखं लुगड्याला मागून पाणी शिंपडलं आणि एकेक बिबडी सोडवत बसलो. निम्म्या फाटल्या.