मामांनी धरलेलं सुतक

स्वतःच मारलेल्या माणसांसाठी माझ्या मामांइतकं उभ्या खानदेशात कुणी रडलं नसेल. मामा धुळ्याला कादंबऱ्या लिहीत, आणि कादंबरीतलं पात्र मेलं की त्याचं रीतसर सुतक धरत. एखादा गाडीवान किंवा दूरचा आतेभाऊ गेला तर पांझरा नदीतल्या एका बुडीत भागायचं. पण दुष्ट कारभारी मेला तेव्हा "कसाही असला तरी आपल्या हातचा होता," म्हणून मामांनी कित्येक दिवस दाढीच केली नाही. मामी कानाडोळा करत. नवऱ्याला दारूचा नाद नाही, एवढ्यावर त्या खूश होत्या.

एका वर्षी मात्र मामांनी ऐन वसुबारसेला नायिकेलाच मारलं. कुमुदिनी तिचं नाव, क्षयाने गेली. मामा ओसरीवर घोंगडी टाकून हुंदके देऊ लागले. ते ऐकून समोरचे कापडवाले मारवाडी शेठजी अनवाणी धावत आले.

"नाना, कोण गेलं?"

"कुमुदिनी."

"नात्यातली?"

"नाही हो. नायिका!"

शेठजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वहिनींना ठाऊक होतं?"

वहिनींना, म्हणजे मामींना, ठाऊक झालं ते मामांनी "यंदा सुतक आहे, फराळ करू नका," असं सांगितल्यावर. मामी अमळनेरकडच्या खेड्यातल्या. रागावल्या की थेट अहिराणीत शिरत. चुलीवरची कढई उतरवून त्या बाहेर आल्या. "आपला घरमा कोन्हीच मरेल नही शे! ती पोरले आत्तेच जित्ती करा, नहीतं मी माहेरले जास!"

मामांनी डोळे पुसले आणि दौत पुढे ओढली. दिवेलागणीच्या आत पाचोऱ्याचे एक वैद्यबुवा कादंबरीत येऊन दाखल झाले. त्यांनी तिरडीवरच्या कुमुदिनीची नाडी धरली, आणि ती उठून पाणी मागू लागली. आम्ही सगळ्यांनी सांजोऱ्या खाल्ल्या. शेठजींकडेही ताट गेलं; त्यांनी ते जरा संशयानेच घेतलं.

त्याच कादंबरीला पुण्यात मोठं पारितोषिक मिळालं. "प्रेमाने मृत्यूवर केलेली मात," असं परीक्षक म्हणाले. मामा भोळे. शाल सावरत उठले आणि म्हणाले, "प्रेमाने नव्हे, आमच्या हिने केली." सभा खो खो हसली. मामींनी पदर तोंडाला लावला, तो बराच वेळ काढला नाही.

इंग्रज जायच्या आदल्या वर्षी मामी गेल्या. प्रकाशक नवी कादंबरी मागत राहिले. मी जळगावहून जाई, तेव्हा मामा कोऱ्या कागदापुढे बसलेले असत. एकदा विचारलं, "मामा, लिहीत का नाही?"

"बसतो रे लिहायला," मामा म्हणाले, "पण आता कुणाला मारलं तर कुणी आडवंच येत नाही."

मग दौतीला बूच लावून त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली.