पडद्यावरची गौर

आता माझ्या हातून काय होऊन बसलं ते ऐका. पण हसायचं असेल तर आधी चहा खाली ठेवा!

लेकीचं लग्न ठरेना, म्हणून मी नवस बोलले होते. ठरलं, तर आमच्या घरच्या गौरीचा फोटो छापून मार्गशीर्षातल्या उद्यापनाला प्रत्येक सवाष्णीच्या ओटीत घालीन. आणि बघा, दिवाळीच्या आत ठरलं की हो!

फोटो घेऊन निजामपुऱ्यातल्या जिग्नेशभाईंचं प्रेस गाठलं. त्यांनी कॉम्प्युटरवर गौर दाखवली. काय सांगू! पोपटी शालू नुसता झळझळत होता. मी हात जोडले, तेवढ्यात त्यांनी एक बटण दाबलं. शालू एकदम मलूल!

"अहो, माझ्या गौरीला काय केलंत?"

"बेन, छपाईमां आवुं आवशे. स्क्रीनमां अंदर लाईट छे. कागळमां लाईट क्यां? आ पोपटी शाईमां बनतोच नथी. एटले पहेलेथी बतावुं छुं."

म्हणजे छापल्यावर रंग बदलतो; कसा बदलेल ते आधीच पडद्यावर पाहून घ्यायचं. मला अगदी पटलं. अर्धंच समजलं होतं, हे नंतर कळलं.

"एक प्रूफ कागळ पर काढी आपुं?"

"नको. फ्लॉपी द्या, घरी देवासमोर बसून शांतपणे बघते."

"बेन, तमारो स्क्रीन जुदो, मारो जुदो..." ते बोलत होते, मी रिक्षात बसले होते.

कारेलीबागेत घरी आल्या आल्या ह्यांना कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या खेळावरून उठवलं आणि फ्लॉपी घालायला लावली. बघते तर गौरीचा मुखवटा पिवळाजर्द, कावीळ झाल्यासारखा! मी ह्यांना समजावलं, "बघितलंत? ह्यालाच रंग बदलणं म्हणतात."

"तुला फार कळतं," हे म्हणाले.

"आजच शिकून आलेय!"

लगेच फोन लावला. "जिग्नेशभाई, पिवळा काढा."

"बेन, मारे त्यां तो बराबर छे."

"काढा म्हणते ना! नवसाचं काम आहे."

"तमे कहो एम," ते म्हणाले. त्या सुरात मला भक्तिभाव ऐकू आला. काय कान माझे!

उद्यापनाच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठा आला. दोरी सोडली. गौर निळी! नुसती निळी नाही, जांभळट निळी!

सासूबाईंनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "सूनबाई, ही माहेरी आलीय की हलाहल पिऊन?"

ह्यांनी पुन्हा फ्लॉपी लावली. पडद्यावर तीच पिवळी गौर. मग डोळ्यांना त्रास नको म्हणून पडद्यावर बसवलेल्या काळ्या जाळीवरून ह्यांनी ओलं बोट फिरवलं. बोट पिवळं!

"दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा कोणी केली होती?"

मीच. सगळ्या घरानं ज्याच्यापुढे बसायचं, त्याला एवढंसं बोट कसं लावायचं? म्हणून चांगलं ठसठशीत हळदीचं स्वस्तिक काढलं होतं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसलंही. पुसलं कसलं, सारवलं! आणि ह्या घरात पडद्यावरचे पत्ते पिवळे दिसले तरी कोणाच्या लक्षात येतंय?

परत छापायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सवाष्णी आल्या आणि मी निळ्या गौरी वाटल्या. शेजारच्या कोकिळाबेननी फोटो कपाळाला लावला.

"अरे वाह! पावागढवाळी काळका मा! जय माताजी!"

"जय माताजी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नवस फिटला, लेकीचं लग्नही छान झालं. देवी माझ्यापेक्षा समजूतदार. सासूबाई मात्र आल्यागेल्याला अजून सांगतात, "आमची सूनबाई फार धार्मिक हो! हळद लावली कॉम्प्युटरला आणि पुसली गौरीच्या तोंडावरून."