बिशकूट

मी चौथीपर्यंत शिकलो, पण रोह्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये साहेबलोकांना चहा देत उमर काढली. 'बिस्किट' हा शब्द मी तिथून घरी आणला आणि कधी सोडला नाही. बायको पेणच्या खाडीकडची. ती म्हणते 'बिशकूट'. आमच्या वरसे गावातला दुकानदार दुबईत राहून आलाय, तो 'बिस्कुट' म्हणत पुडा हातात देतो. सुनेच्या तोंडी 'बिस्किट्स', एकच असलं तरी. त्या दोघांना मी कधी टोकलं नाही. भांडलो तो बायकोशीच, रोज सकाळी, चहावर.

"बिस्किट म्हण गो. किट."

"तुमचा किट ठेवा कंपनीत. माझ्या बापाच्या घरी बिशकूटच यायचा."

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. मी नेहमीसारखं टोकलं. तिनं तोंड उघडलं आणि शब्द पेजेसारखा ओघळला. 'बि' एवढंच कळलं, पुढं नुसती लाळ. बशी कलंडली. ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबत होता. मला आधी वाटलं, वेडावून दाखवतेय. "सोंगं पुरे," म्हणालो. मग तिचे डोळे बघितले आणि मुलाला हाक मारली.

मुलानं गाडी काढली. पेणला तिच्या भावाच्या ओळखीचं हॉस्पिटल होतं. वाटेत गडब गावाला ट्रकांची रांग लागलेली. मी मागं तिचा हात धरून बसलो, हात गार. नवस बोलायचा तर कुठल्या देवाला, तेही सुचेना. "बोल गो, कायपण बोल. शिव्या दे," एवढंच म्हणत राहिलो. ती खिडकीबाहेर बघत होती, जसा काही मी गाडीत नाहीच.

डॉक्टर पुण्याकडचा, तरणा. इंजेक्शनं झाली, डोक्याचा फोटो झाला. संध्याकाळी तोंड जरा सरळ दिसायला लागलं तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, यांचं नाव काय?"

तिनं पदर सावरला. गप्प. त्यानं परत विचारलं. परत गप्प. डॉक्टरनं नर्सकडे बघितलं.

"नवऱ्याचं नाव नाय घेणार ती," मी म्हणालो. "आमच्या बायका घेत नायत." लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण डॉक्टरला हे ठासून सांगताना माझीच खात्री पटत नव्हती. ती लाजून गप्प होती, की माझं नाव आतून पुसलंच गेलं होतं? इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून नाव ऐकलं नाही, आता कशावरून ओळखायचं?

सुनेनं पिशवीत पुडा टाकला होता. मी एक काढून तिच्यापुढं धरलं.

"ह्ये काय गो? बिस्किट ना?"

ती बघत राहिली. जिभेनं ओठ चाचपले. मला वाटलं, गेलं सगळं.

"बिश... कूट."

"उच्चार अजून स्पष्ट नाही," डॉक्टर म्हणाला.

"मधे थांबली तेवढंच," मी म्हणालो. "बाकी बरोबर हाय."

'बरोबर' तिनं ऐकलं. डॉक्टरकडे बघून हळूच म्हणाली, "लिवून घ्या."

आता ती घरी आहे. झटका परत येऊ शकतो, असं डॉक्टरनं सांगून ठेवलंय. रोज सकाळी मी मुद्दाम 'बिस्किट' म्हणतो आणि बशी तशीच धरून थांबतो. काल तिनं उत्तराला उशीर केला. मी बशी खाली ठेवली.

"अगो, बोल की!"

"तोंडात बिशकूट हाय ना," ती म्हणाली. "गिळू तरी द्या."

तरी तिच्या ओठाच्या कोपऱ्याकडे मी बराच वेळ बघत राहिलो.