कोरमची वाट पाहणारा अध्यक्ष

मंदीत आजूबाजूच्या सगळ्यांच्या नोकऱ्या जात होत्या, तेव्हा मला बढती मिळाली. इथे आखातात, मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन कंपनीचा मॅनेजर सुट्टीवर गेला तो परतलाच नाही, आणि त्याची खुर्ची माझ्या गळ्यात पडली. खुर्ची तेवढी आली. अधिकार पाच भागीदारांकडेच राहिले. निदान तिघं एकत्र बसल्याशिवाय काही मंजूर व्हायचं नाही, आणि मंदी आल्यापासून कोणी फिरकत नव्हतं. दर मीटिंगला मी पाच कप चहा मागवायचो आणि बहुतेक वेळा तो तसाच गार व्हायचा.

त्यातच आमच्या एका वेल्डरचे वडील गावी अंथरुणाला खिळले. त्याला घरी जायचं होतं. सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या केबिनमधल्या कपाटात असत, पण भागीदारांच्या मंजुरीशिवाय द्यायचे नाहीत असा नियम. रोज संध्याकाळी, कामगारांच्या कॅम्पची बस सुटायच्या आधी, तो दारात उभा राहायचा.

"साहब, कुछ हुआ?"

"इन्शाल्ला, कल."

रात्री घरी त्याचा फोन आला तरी हेच. इतक्यांदा म्हटलं की मला माझ्याच आवाजाचा वीट आला.

घरी मुलीचा इतिहासाचा प्रोजेक्ट चालू होता. अमेरिकेची राज्यघटना होण्याआधीही तिथल्या काँग्रेसला अध्यक्ष असायचे, हे मला तिच्याकडूनच कळलं. हातात सत्ता म्हणून नाही. सभा चालवायची आणि राज्यांना पत्रं लिहायची. इंग्रजांशी युद्ध जिंकलं, तर तह मंजूर करायला पुरेशा राज्यांची माणसं जमेनात! अध्यक्ष बिचारा 'या हो, या' म्हणत पत्रं पाठवत बसला.

"बाबा, सो ही जस्ट वेटेड?"

"दुसरं काय करणार गं तो?" मी म्हटलं. मला त्या माणसाची फार कीव आली.

शाळेच्या कार्यक्रमात तीच तो अध्यक्ष झाली. रिकाम्या खुर्च्यांसमोर बसली, चष्मा काढला, कपाळ चोळलं, दाराकडे पाहिलं. सैनिक झालेल्या मुलाने विचारलं, "सर, कॅन आय गो होम?" ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "इन्शाल्ला, टुमॉरो."

सभागृह खो खो हसलं. बायको तर डोळे पुसत हसली. मला मात्र लाज वाटली, भयंकर लाज.

तिथून मी थेट मुसफ्फाला गेलो आणि कपाट उघडलं. चावी पहिल्या दिवसापासून माझ्याच खिशात होती. पासपोर्ट हातात ठेवला तेव्हा वेल्डर घाबरला.

"साहब, मीटिंग हो गया?"

"हो गया. यल्ला, जाओ."

गावी पोचल्यावर त्याचा फोन आला. वडिलांनी त्याला ओळखलं होतं.

पुढच्याच आठवड्यात पाचही भागीदार हजर झाले. लांब फुजैराहून येणारा तर वेळेच्या आधी. विषय एकच होता, मी. मला काढायचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्या दिवशी पाचही कप रिकामे झाले, आणि ते मीच उचलून ठेवले.