नाकाचं माप

वीस वर्षं लोकांच्या शेतात कीटकनाशक फवारणाऱ्या पंपवाल्या काकांनी औषध टोपणाने कधी मोजलंच नाही. बादलीत ओतायचं, वाकून हुंगायचं आणि वास नाकाला झोंबला की थांबायचं. कोणी बाटलीवरचं माप दाखवलं की म्हणायचे, “ते नवशिक्यांसाठी. माझं नाक काय भाड्याने आणलंय?”

हल्ली मात्र कितीही ओतलं तरी वास येईना. भेसळीचा माल गळ्यात मारला म्हणून काकांनी आजही दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि अर्धी बाटली रिकामी केली. तेवढ्यात लांब बांधावरून मालकीणबाई नाकाला रुमाल लावून ओरडल्या, “काका, केवढं उग्र औषध हे. मला मळमळतंय.”

काकांनी बाटलीलाच नाक लावलं. काही नाही. पंधरवड्यापूर्वीची सर्दी जाताना नाकही घेऊन गेली होती. तेव्हापासून स्वयंपाकाला चव नाही म्हणून ते बायकोवर डाफरत होते, आणि शेतोशेती आंधळ्यासारखे औषध ओतत होते. परवा फवारलेल्या मळ्यातला कोबीचा गड्डा काल त्यांनीच कौतुकाने घरी नेला होता.

पंप तिथेच टाकून ते धावत सुटले. घरी बायको भांडी घासत होती.

“कोबी?” काका दारातूनच ओरडले.

“सकाळीच केला. नातीने दोनदा मागून खाल्ला,” ती म्हणाली. “हळू बोला. कधी नव्हे ती दुपारची झोपलीय. हाक मारली तरी उठेना.”