जमादारांचा राजीनामा

शेजारचे जमादार कधी खुर्चीत टेकून बसले नाहीत. काठावर बसायचे, तेही एक पाय दारातल्या चपलेकडे ठेवून. पोलिसातून निवृत्त होऊन तारकर्लीला आले, तेव्हा दिवसातून चार वेळा किनारा फिरायचे आणि आलेल्या-गेलेल्या होड्या मोजायचे.

तुम्ही नातवंडं मे महिन्यात माझ्या संगणकावर तो शहराचा खेळ टाकून गेलात. ठिकठिकाणचे लोक नेटवरून त्यात कुणी टॅक्सीवाला, कुणी चोर, कुणी पोलीस होऊन वागत. जमादारांनी तो पाहिला आणि रोज चारला येऊ लागले. माऊस लाठीसारखा आपटायचे. खरा पोलीस मिळाला म्हणून खेळ चालवणाऱ्यांनी त्यांना तिथलं ठाणं दिलं आणि पोलिसांसाठी नियम मागितले. ते येरझाऱ्या घालत सांगत, मी इंग्रजीत लिहून काढी.

हत्यार काढण्याआधी दोनदा हाक द्यावी. हाक न देता गोळी झाडील त्याने वर्दी उतरवावी. पकडलेल्याला, जेवलास का, असं विचारावं. हा शेवटचा नियम खेळाच्या चालकांनी खोडला. खेळात कुणाला भूक लागत नाही म्हणाले.

"नसांदे भूक, वयनी. जेवलंस काय म्हणान इचारलां काय उगारलेलो हात खाली येता. परत लिवा."

मी परत लिहिलं. नियम राहिला.

मग एका संध्याकाळी एका चोराने तिसऱ्यांदा त्यांची जीप पळवली, वर 'काका, चालत या' असं लिहिलं. जमादारांनी हाक न देताच गोळी झाडली. बाकीच्यांनी शाबासकी दिली. हे मात्र उठून पडवीत फिरू लागले. राजीनामा लिहा म्हणाले. चालकांनी कळवलं, नियम नवख्यांसाठी आहेत, तुम्ही राहा.

खेळ सुटला तर हा माणूस पुन्हा होड्या मोजत फिरणार, हे मला दिसत होतं. मी सुचवलं, हाक दिली होती, पण नेमकं नेट गेलं, असं लिहू. आपल्याकडे ते जातंच.

जमादार जागच्या जागी थांबले.

"वयनी, असां खूप लिवलां मी ठाण्यात. खऱ्या माणसांच्या कागदार."

मी राजीनामा त्यांच्याच शब्दांत लिहिला. ते पुन्हा संगणकाकडे फिरकले नाहीत. पुढच्या वर्षी वेंगुर्ल्याला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले.

त्यानंतरच्या गणपतीला रजा मिळावी म्हणून तुमच्या बाबांनी माझ्याकडे पत्र मागितलं होतं, मी आजारी असल्याचं. मी दिलं नाही. त्या वर्षी तुम्ही आला नाहीत. कारण तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून हे लिहिलं.